हाताशी एक दिवस : रोमहून कोठे जावे?

प्रस्तावना

प्रवासाला निघणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी मोजक्या असतात : पैसा आणि वेळ. पैसा थोडाफार उसना मिळू शकतो. वेळ मात्र कोणीही उसना देत नाही. म्हणूनच चार-पाच दिवसांसाठी एखाद्या दूरच्या शहरात गेलेल्या प्रवाशापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. हे सारे दिवस त्या एका शहरातच घालवावेत, की त्यांतला एक दिवस काढून जवळचे दुसरे एखादे ठिकाण पाहून यावे? आणि जायचेच ठरले, तर कोठे जावे?

वरवर पाहता हा प्रश्न हौसेचा वाटतो. परंतु एक गोष्ट निवडणे म्हणजे दुसरी सोडणे होय, आणि काय सोडले हे समजून-उमजून सोडणे ही विचारी माणसाची खूण आहे. प्रस्तुत पाठात इटलीची राजधानी रोम हे उदाहरण घेऊन निवडीची ही रीत समजावून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• रोमच्या परिसरातील पाच ठिकाणांची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• अनेक पर्यायांतून एक निवडताना कोणते निकष लावावेत, हे सांगू शकाल;
• उभयान्वयी अव्ययांचा उपयोग करून आपला निर्णय मुद्देसूद मांडू शकाल.

मूळ पाठ

१. आधी मुक्कामाचा विचार

रोम हे दोन-तीन दिवसांत सहज आटोपणारे शहर नव्हे. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसच्या काळात खुले झालेले कोलोसियम, त्याला लागून असलेला रोमन फोरम, पॅन्थिऑनचे भव्य घुमटगृह, व्हॅटिकनमधील संग्रहालये आणि सेंट पीटरचे मंदिर एवढेच नीट पाहायचे म्हटले तरी तीन दिवस पुरे होतात. शिवाय गल्लीबोळांतून निरुद्देश भटकणे, एखाद्या चौकातील कारंज्यापाशी बसून राहणे, हाही त्या शहराच्या दर्शनाचाच भाग आहे.

तेव्हा ज्याच्याजवळ अवघे दोन दिवस आहेत, त्याने बाहेरगावी जाण्याचा विचार मनात आणू नये हे उत्तम. तीन दिवस असतील तर अर्ध्या दिवसाची जवळची सहल चालेल. चार किंवा अधिक दिवस असतील, तर एक पूर्ण दिवस बाहेर काढता येईल. न जाणे हाही एक पर्यायच आहे, आणि तो यादीत सर्वांत वर लिहून ठेवावा. ‘इतक्या दूर आलोच आहोत, तर तेही पाहून घेऊ’ ही भावना स्वाभाविक असली, तरी तिच्या आहारी जाणारा प्रवासी पुष्कळदा दोन्ही ठिकाणे अर्धवट पाहून परततो.

२. पाच ठिकाणे, पाच स्वभाव

रोमहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे अनेक आहेत. त्यांतील पाचांचा येथे विचार करू.

ओस्तिया अंतिका : तायबर नदीच्या मुखाशी वसलेले हे प्राचीन रोमचे बंदर. रोमच्या पोटाला लागणारे धान्य समुद्रमार्गे याच बाजूने येत असे. पुढे नदीच्या गाळामुळे किनारा दूर सरकला, व्यापार ओसरला, हिवतापाने वस्ती पोखरली आणि शहर ओस पडले. आज तेथे विटांच्या बहुमजली चाळी, नाट्यगृह, स्नानगृहे, खाणावळीचा दगडी कट्टा आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा चौक पाहावयास मिळतो. या चौकातील जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांत जहाजे, दीपगृह आणि चक्क एक हत्तीही चितारलेला आहे. कोण कोठून माल आणतो, हे सांगणारी ती जणू दुकानांची पाटीच होती. राजवाड्यांपेक्षा सामान्य माणसांचे रोजचे जगणे ज्याला पाहायचे आहे, त्याने येथे यावे.

तिवोली : रोमच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवरील डोंगरउतारावरचे गाव. गावात सोळाव्या शतकात कार्डिनल इप्पोलितो देस्ते यांनी उभारलेला ‘व्हिला देस्ते’ हा प्रासाद व त्याची कारंज्यांची बाग आहे. आनियेने नदीचे पाणी उंचावरून वळवून आणले असल्यामुळे ही शेकडो कारंजी कोणत्याही यंत्राविना, केवळ पाण्याच्या उतारावर उडत असत. गावाच्या पायथ्याशी सम्राट हेड्रियनने (कारकीर्द इ.स. ११७ ते १३८) बांधलेल्या विस्तीर्ण निवासस्थानाचे अवशेष आहेत. दोन्ही स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेली आहे. मात्र ती एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत आणि बागेत पायऱ्या पुष्कळ आहेत.

ऑर्व्हिएतो : रोमच्या उत्तरेस, ज्वालामुखीजन्य खडकाच्या उभ्या कड्यावर वसलेले छोटे नगर. रेल्वे स्थानक पायथ्याशी असून वर जाण्यासाठी तारेने ओढली जाणारी गाडी आहे. येथील कॅथीड्रलच्या बांधकामाला १२९० मध्ये प्रारंभ झाला. १५२७ मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांनी येथे आश्रय घेतला. वेढा पडल्यास पाणी तुटू नये म्हणून त्यांनी एक खोल विहीर खोदवून घेतली. सुमारे ५३ मीटर खोल असलेल्या या विहिरीत एकमेकांना न भेटणारे दोन सर्पिल जिने आहेत. पाणी वाहणारी खेचरे एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने चढत. त्यामुळे वाटेत कधी कोंडी होत नसे. गर्दीला कंटाळलेल्या प्रवाशाला हे शांत गाव मानवते.

फ्लॉरेन्स : पुनरुज्जीवन काळाचे माहेरघर. १४३६ मध्ये पूर्ण झालेला ब्रुनेल्लेस्कीचा घुमट, मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा आणि उफित्सी हे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय येथे आहे. वेगवान रेल्वेने रोमहून साधारण दीड तासात तेथे पोहोचता येते. परंतु फ्लॉरेन्स हे ‘जाता जाता’ पाहण्याचे ठिकाण नाही. ते स्वतःच मुक्काम मागणारे शहर आहे.

पॉम्पेई : इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाने गाडले गेलेले नगर. त्याचे उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले आणि आजही ते चालू आहे. नगराचा सुमारे एक तृतीयांश भाग अद्याप जमिनीखालीच आहे. रस्ते, रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये बसवलेले उंच दगड, बेकरीतील जाती, घरांच्या रंगीत भिंती, हे सारे तेथे दिसते. राखेत गाडल्या गेलेल्या माणसांची शरीरे कालांतराने नष्ट झाली, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या शिल्लक राहिल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्या माणसांचे अखेरचे क्षण जगापुढे आणले. पॉम्पेईत मनाला स्पर्श करणारे पुष्कळ आहे. पण ते रोमपासून सुमारे २४० किलोमीटर दूर आहे, आणि तेथे सावली फार थोडी आहे.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) ओस्तिया ओस पडण्याचे एक कारण –
१. ज्वालामुखी २. नदीचा गाळ ३. भूकंप ४. वणवा
(आ) ऑर्व्हिएतोच्या विहिरीत दोन जिने असण्याचे कारण –
१. शोभा २. श्रीमंत-गरीब भेद ३. येणाऱ्या-जाणाऱ्यांची कोंडी टाळणे ४. पाणी थंड ठेवणे
(इ) फियोरेल्ली यांनी पोकळ्यांत ओतले –
१. मेण २. चुना ३. शिसे ४. प्लास्टर

३. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांचे नाते सरळ नसते. म्हणून प्रवासाचा हिशेब ‘स्थानकापासून स्थानकापर्यंत’ न करता ‘दारापासून दारापर्यंत’ करावा. राहण्याच्या जागेपासून स्थानकावर पोहोचणे, गाडीची वाट पाहणे, गाडी बदलणे, उतरल्यावर चालत जाणे आणि प्रवेशद्वारापाशी रांगेत उभे राहणे, हे सारे त्यात धरावे लागते. रोमच्या मध्यभागी राहणाऱ्या प्रवाशासाठी असा अंदाजे हिशेब पुढे दिला आहे. तो एका बाजूच्या प्रवासाचा आहे.

ओस्तिया अंतिका : मेट्रोने पिरामिदे स्थानकापर्यंत २० मिनिटे, गाडीची वाट १५, उपनगरी रेल्वे ३०, पायी १०. एकूण ७५ मिनिटे, म्हणजे सव्वा तास.

तिवोली : मेट्रो २५ मिनिटे, बसची वाट २०, बस ५०, पायी १०. एकूण १०५ मिनिटे, म्हणजे पावणेदोन तास.

ऑर्व्हिएतो : तेर्मिनी या मुख्य स्थानकापर्यंत ३० मिनिटे, वाट १५, साधी रेल्वे ८०, कड्यावर चढणारी गाडी २०. एकूण १४५ मिनिटे, म्हणजे सुमारे अडीच तास.

फ्लॉरेन्स : तेर्मिनीपर्यंत ३० मिनिटे, वाट २०, वेगवान रेल्वे ९५, पायी १०. एकूण १५५ मिनिटे, म्हणजे अडीच तासांहून थोडे अधिक.

पॉम्पेई : तेर्मिनीपर्यंत ३० मिनिटे, वाट २०, नेपल्सपर्यंत वेगवान रेल्वे ७०, गाडी बदलणे ३०, व्हेसूव्हियसच्या पायथ्याने जाणारी लोकल ४०, पायी व प्रवेश २०. एकूण २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की ऑर्व्हिएतोपेक्षा फ्लॉरेन्स दुपटीहून अधिक दूर असूनही दोहोंना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच आहे. वेगवान रेल्वेने अंतर खाऊन टाकले आहे. मात्र तिचे भाडे साध्या गाडीपेक्षा पुष्कळ अधिक असते आणि ऐनवेळी तिकीट काढल्यास ते आणखी वाढते. दुसरी गोष्ट अशी, की पॉम्पेईला जाऊन येण्यात सात तास खर्ची पडतात. सकाळी सातला निघून रात्री आठला परतायचे असेल, तर तेरा तासांतील सहाच तास हाती राहतात. जेवण आणि विश्रांती वजा जाता प्रत्यक्ष पाहण्यासाठी पाच तास उरतात.

याचा अर्थ पॉम्पेईला जाऊ नये, असा नाही. ज्याला ते पाच तास सात तासांच्या प्रवासाइतके मोलाचे वाटतात, त्याने अवश्य जावे. मात्र हा सौदा आधी कळलेला असावा, इतकेच.

४. निवडीचे चार निकष

वेळेच्या हिशेबानंतर प्रवाशाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : मुक्कामाच्या शहरात जे मिळत नाही, ते तेथे मिळते का? रोममध्ये प्राचीन अवशेष पावलोपावली आहेत. तीन दिवस भग्न भिंती पाहून थकलेल्या डोळ्यांना चौथ्या दिवशी पुन्हा भग्न भिंतीच दाखवाव्यात का? अशा वेळी तिवोलीची कारंजी किंवा ऑर्व्हिएतोचे शांत रस्ते अधिक सुखावतात. उलट, प्राचीन इतिहासाचीच ओढ असलेल्याला पॉम्पेई आणि ओस्तियात जे दिसते, ते रोममध्येही दिसत नाही. कारण रोमवर नंतरच्या शतकांनी थरावर थर चढवले आहेत.

दुसरा प्रश्न : शरीराला ते झेपते का? जुलै-ऑगस्टमधील ऊन, पॉम्पेईचे खडबडीत दगडी रस्ते, तिवोलीच्या पायऱ्या यांचा विचार सोबतच्या प्रत्येक माणसासाठी करावा. चमूचा वेग हा त्यातील सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो.

तिसरा प्रश्न : तो दिवस योग्य आहे का? ओस्तिया अंतिका सोमवारी बंद असते. फ्लॉरेन्सचे उफित्सीही सोमवारी बंद असते. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाची सुट्टी मंगळवारी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत आणि पुरातत्त्वस्थळांवर प्रवेश विनामूल्य असतो, म्हणून त्या दिवशी गर्दी उसळते. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत एका दिवसाला वीस हजार प्रवाशांची मर्यादा घालण्यात आली असून तिकिटावर प्रवाशाचे नाव असते. तेव्हा तिकीट आधी काढावे आणि ओळखपत्र जवळ बाळगावे.

चौथा प्रश्न : बेत फसला तर? इटलीत रेल्वे कर्मचाऱ्यांचे संप अधूनमधून होतात, पण ते आधी जाहीर केले जातात. कामाच्या दिवशी संप असला, तरी सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक लोकल व प्रादेशिक गाड्या सोडणे बंधनकारक असते. तरीही मायदेशी परतण्याच्या आदल्या दिवशी लांबची सहल ठेवू नये. ती मधल्या दिवशी ठेवावी, म्हणजे काही बिघडले तरी एक दिवस हाती राहतो.

साध्या गाडीचे कागदी तिकीट काढल्यास गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होऊ शकतो. ही बाब छोटी आहे, परंतु परक्या देशात छोट्या बाबीच दिवसाचा विरस करतात.

५. एक उदाहरण

बडोद्याच्या एका निवृत्त दांपत्याचे उदाहरण घेऊ. पाच दिवस रोममध्ये राहायचे, त्यांतील एक दिवस बाहेर काढायचा, असे त्यांनी ठरवले. पती शाळेत इतिहास शिकवत असत. पॉम्पेईचा धडा त्यांनी तीस वर्षे फळ्यावर नकाशा काढून शिकवला होता. ते नगर डोळ्यांनी पाहावे ही त्यांची जुनी इच्छा. पत्नीचे गुडघे दुखत असत. एक-दीड तासाहून अधिक चालणे त्यांना शक्य नव्हते.

हिशेब मांडल्यावर पतीने वही मिटली आणि म्हटले, “आपण ओस्तियाला जाऊ. जवळ आहे. तुलाही त्रास व्हायचा नाही.”

पत्नी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, ओस्तियालाही चालावं लागणारच. म्हणजे माझे गुडघे दुखायचे ते दुखतीलच, आणि वर तुमचं पॉम्पेई राहिलं याची टोचणी मला जन्मभर. यात कोणाचं भलं झालं?”

“मग मी एकट्यानं जाऊ? इतक्या दूर येऊन तुला खोलीत बसवून?”

“खोलीत कशाला? त्या पॉम्पेईच्या भिंतींवरची चांगली चित्रं काढून नेपल्सच्या संग्रहालयात ठेवली आहेत, हे तुम्हीच तर मुलांना सांगत होतात. मी तिथं बसत-उठत चित्रं बघते. तुम्ही घरं बघा. संध्याकाळी कोणत्या घरातलं कोणतं चित्र, ते जुळवू.”

पतीने वही पुन्हा उघडली. आठच्या सुमारास गाडी धरली, तर नऊ वाजता दोघेही नेपल्सला पोहोचतील. तेथून ते पॉम्पेईची लोकल घेतील, पत्नी संग्रहालयात जातील. साडेदहा ते अडीच असे चार तास पॉम्पेईत मिळतील. चार वाजता संग्रहालयात भेट. पुढचा तास दोघांचा : पत्नीने दिवसभरात निवडलेली चित्रे त्या दाखवतील. सहाची गाडी धरून आठपर्यंत परत. मंगळवारी संग्रहालय बंद, म्हणून दिवस गुरुवारचा धरला.

या निर्णयातही काही गमवावे लागलेच. दिवसाचा बराचसा वेळ दोघे एकमेकांपासून दूर राहणार होते, आणि परक्या शहरात एकटे वावरण्याची थोडी धाकधूक दोघांनाही होती. पण दोघांच्या मनातले बोलले गेले, म्हणूनच तिसरा मार्ग सापडला. एकाने मुकाट्याने केलेला त्याग दुसऱ्यावर ओझे होऊन बसतो. मोकळेपणाने सांगितलेली अडचण मात्र दोघांची होते, आणि दोघांची झाली की तिच्यातून वाट निघते.

६. एक अनपेक्षित धागा

नेपल्सच्या या संग्रहालयात भारतीय प्रवाशाने आवर्जून चौकशी करावी अशी एक वस्तू आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईतील एका घराच्या उत्खननात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. अलंकारांनी नटलेली ही मूर्ती भारतीय घडणीची आहे. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली; पुढे अनेक अभ्यासकांनी ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असे मत मांडले. महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमांशी तिचे साम्य दाखवून देण्यात आले आहे. उद्रेक इ.स. ७९ चा; म्हणजे ही मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून तेथे पोहोचली होती. भारत आणि रोम यांच्यातील प्राचीन व्यापाराचा हा हाती धरता येण्याजोगा पुरावा आहे.

संग्रहालयातील वस्तू कधी कधी प्रदर्शनासाठी अन्यत्र पाठवल्या जातात किंवा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवल्या जातात. म्हणून एखाद्या विशिष्ट वस्तूसाठी जायचे असेल, तर ती त्या काळात मांडलेली आहे का, याची खात्री आधी करून घ्यावी.

७. समारोप

कोणते ठिकाण सर्वांत चांगले, या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही. मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला कारंज्यांची बाग आवडेल, चित्रकलेच्या विद्यार्थ्याला फ्लॉरेन्सची घाईची भेटही पुरेल, थकलेल्याला रोममधील एखाद्या उद्यानातील बाकच बरे वाटेल. योग्य प्रश्न असा आहे : कोणासाठी, कोणत्या दिवशी, काय सोडून? या तीन शब्दसमूहांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली, की ठिकाण बहुधा आपोआप ठरते. आणि एकदा ठरले, की न पाहिलेल्याची हळहळ मागे ठेवून पाहिलेल्याचा आनंद घ्यावा.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रवासाचा वेळ कसा मोजावा, असे पाठात म्हटले आहे?
(आ) दांपत्याने मंगळवार का टाळला?
(इ) लांबची सहल परतीच्या आदल्या दिवशी का ठेवू नये?

शब्दार्थ

निकष – कसोटी, पारखण्याचे माप
पर्याय – निवडता येण्याजोगी दुसरी गोष्ट
उत्खनन – जमीन खणून प्राचीन अवशेष शोधणे
पुनरुज्जीवन काळ – युरोपात प्राचीन विद्या व कला पुन्हा बहरल्या तो काळ
ओस पडणे – निर्मनुष्य होणे
सर्पिल – सापाच्या वेटोळ्यासारखा
हस्तिदंती – हत्तीच्या सुळ्यापासून बनवलेली
धाकधूक – मनातील भीती, काळजी

भाषाभ्यास : उभयान्वयी अव्यये

दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणाऱ्या अविकारी शब्दांना उभयान्वयी अव्यये म्हणतात. निर्णय मांडताना त्यांचा फार उपयोग होतो. पुढील वाक्ये पाहा.

• चार किंवा अधिक दिवस असतील, तर एक दिवस बाहेर काढता येईल. (‘किंवा’ – विकल्पबोधक)
• पॉम्पेईत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते दूर आहे. (‘पण’ – न्यूनत्वबोधक)
• मंगळवारी संग्रहालय बंद असते, म्हणून त्यांनी गुरुवार निवडला. (‘म्हणून’ – परिणामबोधक)
• जरी संप असला, तरी काही गाड्या धावतात. (‘जरी-तरी’ – संकेतबोधक)

आपली बाजू मांडताना केवळ ‘आणि’ने वाक्ये जोडत गेल्यास माहिती साचते, पण विचार पुढे सरकत नाही. ‘पण’, ‘म्हणून’, ‘जर-तर’ ही अव्यये एका विधानाचे दुसऱ्याशी असलेले नाते दाखवतात.

तुम्ही काय शिकलात?

• थोड्या दिवसांच्या प्रवासात बाहेरगावी न जाणे हाही विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.
• प्रवासाचा वेळ दारापासून दारापर्यंत मोजावा.
• वेगळेपण, शारीरिक क्षमता, योग्य दिवस आणि बेत फसल्यास काय करायचे, हे निवडीचे चार निकष आहेत.
• अडचण मोकळेपणाने बोलल्यास दोघांनाही मानवेल असा मार्ग सापडू शकतो.

स्वाध्याय

१. ओस्तिया अंतिका आणि पॉम्पेई यांतील साम्य व फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. ‘चमूचा वेग हा त्यातील सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. दांपत्याने घेतलेला निर्णय तुम्हांला पटतो का? कारणे देऊन लिहा.
४. रिकाम्या जागी योग्य उभयान्वयी अव्यय लिहा.
(क) सोमवारी ओस्तिया बंद असते, ______ प्रवासी तिवोलीला गेले.
(ख) वेगवान गाडी लवकर पोहोचवते, ______ तिचे भाडे अधिक असते.
५. उपक्रम : तुमच्या गावाहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी तीन ठिकाणे निवडा. प्रत्येकाचा दारापासून दारापर्यंतचा वेळ काढा. घरातील वयस्कर माणूस सोबत आहे असे धरून त्यांतील एक ठिकाण निवडा आणि तुमचा निर्णय दहा ओळींत मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) नदीचा गाळ (आ) येणाऱ्या-जाणाऱ्यांची कोंडी टाळणे (इ) प्लास्टर

प्रश्न २ : (अ) प्रवासाचा वेळ दारापासून दारापर्यंत मोजावा. (आ) मंगळवारी नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय बंद असते, म्हणून दांपत्याने तो दिवस टाळला. (इ) काही बिघडल्यास हाती एक दिवस राहावा, म्हणून लांबची सहल परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये.

स्वाध्याय प्रश्न ४ : (क) म्हणून (ख) पण / परंतु